साम्याची साक्ष



दोन प्राचीन ग्रंथांत एकच गोष्ट सापडली, तर एकानं ती दुसऱ्याकडून घेतली असं ठरतं का? आणि त्यांतला एक धर्मग्रंथ असला, कोट्यवधी माणसांच्या श्रद्धेचा असला, तर त्या साम्यानं त्याचं नेमकं काय कमी होतं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकाच गाठोड्यात बांधतो आणि मग भांडतो. दुसऱ्याच्या ग्रंथाविषयी ‘ही तर आमचीच गोष्ट’ असं आपण सहज म्हणतो. आपल्या ग्रंथाविषयी कुणी तेच म्हटलं, की आपल्याला तो अपमान वाटतो. आज मला हे दोन्ही प्रश्न सुटे करून एकामागून एक पाहायचे आहेत.

सुरुवात लंडनला करू. ३ डिसेंबर १८७२. बायबलकालीन पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची सभा भरली आहे. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन बसले आहेत. वक्ता बत्तीस वर्षांचा जॉर्ज स्मिथ. हा विद्यापीठात शिकलेला नव्हता. चलनी नोटांचे ठसे कोरण्याचं काम शिकलेला हा कारागीर जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जायचा, आणि मातीच्या पाट्यांवरची कीलाकार लिपी तो स्वतःच्या प्रयत्नानं वाचू लागला. पुढे त्याच म्युझियमनं त्याला कामावर घेतलं. त्या पाट्या निनवे इथल्या, असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या, इ.स.पूर्व सातव्या शतकातल्या. त्यांतल्या एका पाटीवर त्याला जलप्रलयाची गोष्ट सापडली होती.

गोष्ट अशी. देवांनी प्रलय आणायचं ठरवलं. एआ नावाच्या देवानं उतनपिश्तीम या माणसाला गुपचूप सावध केलं: घर मोड, नाव बांध, सर्व जीवांचं बीज नावेत घे. वादळ आलं, सगळं बुडालं, नाव एका डोंगराला लागली. सातव्या दिवशी त्यानं कबुतर सोडलं, ते परत आलं. मग पाकोळी सोडली, तीही परत आली. मग कावळा सोडला, तो परतला नाही. तेव्हा तो नावेतून उतरला, त्यानं देवांना नैवेद्य दाखवला आणि त्याच्या वासानं देव गोळा झाले.

बायबल वाचणाऱ्या त्या सभेला पुढचं सांगायची गरजच नव्हती. नोहाची नाव, अरारातचा डोंगर, आधी कावळा आणि मग कबुतर, शेवटी होमबली आणि त्याचा सुवास घेणारा परमेश्वर. सभेत जे झालं असेल ते असो, बाहेर मात्र दोन तट पडले. एक म्हणाला, पाहा, बाबिलोनचे लोकसुद्धा साक्ष देतात, म्हणजे बायबल खरं. दुसरा म्हणाला, पाहा, बायबलच्या लेखकांनी बाबिलोनची दंतकथा उचलली, म्हणजे बायबल खोटं. पाटी एकच आणि निष्कर्ष दोन, तेही परस्परांच्या उलट! याचा अर्थ उघड आहे. निष्कर्ष पाटीवर लिहिलेला नव्हता. वाचणाऱ्यांनी तो घरून आणला होता.

मग साम्याला बोलतं कसं करायचं? मला त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे वाटतात.

पहिला प्रश्न: साम्य कसलं आहे? नदीकाठी राहणाऱ्या माणसांच्या आठवणीत महापूर असणारच. पूर आला, थोडे लोक वाचले, देव कोपला होता, एवढंच जर दोन ठिकाणी असेल तर त्यावरून काहीही ठरत नाही. पण पक्ष्यांचं काय? डोंगराला लागलेल्या नावेतून एकामागून एक पक्षी सोडायचे आणि त्यांच्या परतण्यावरून जमीन उघडी पडली की नाही हे ओळखायचं, हा तपशील पुराच्या अनुभवातून आपोआप निघत नाही. त्याशिवाय क्रमही तोच: नाव लागणं, पक्षी, उतरणं, बली, वास. असा आडवळणाचा तपशील त्याच क्रमानं दुसरीकडे भेटतो, तेव्हा कान टवकारले पाहिजेत.

दुसरा प्रश्न: वाट होती का? एका गावची गोष्ट दुसऱ्या गावी जायला कुणीतरी चालत जावं लागतं. इथे वाटा भरपूर होत्या. इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास जेरुसलेम पडलं आणि यहुद्यांना बंदी करून बाबिलोनला नेलं गेलं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी, इ.स.पूर्व चौदाव्या शतकात, कनानमधले छोटे राजे इजिप्तच्या फेरोला पत्रं लिहीत ती बाबिलोनच्या अक्कदी भाषेत, कीलाकार लिपीत. इजिप्तमधल्या अमार्ना इथे ती सापडली आहेत. निनवेची ती प्रलयाची पाटी ज्या गिल्गमेश महाकाव्यातली, त्याच्याच एका पाटीचा तुकडा तर खुद्द मगिद्दो इथे, म्हणजे इस्राएलच्या भूमीतच मिळाला आहे. त्यावर प्रलयाचा भाग नाही, हे सांगायला हवं. पण ते काव्य त्या भूमीत पोचलं होतं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

तिसरा प्रश्न: आधी कोण? निनवेची पाटी सातव्या शतकातली असली तरी तीच गोष्ट ‘अत्रहासिस’ या काव्यात आहे, आणि त्याची उपलब्ध प्रत इ.स.पूर्व सतराव्या शतकातली आहे. त्या काळचा एकही हिब्रू ग्रंथ नाही.

तीनही प्रश्नांची उत्तरं एकाच दिशेला जातात. म्हणून मी स्पष्ट म्हणतो: नोहाच्या कथेचं मूळ मेसोपोटेमियात आहे. श्रद्धावान ख्रिस्ती आणि यहुदी अभ्यासकांपैकीही अनेकांना आज हे मान्य आहे आणि त्यांची श्रद्धा त्यामुळे गेलेली नाही. ती का गेली नाही, तिकडे मी येतो.

त्याआधी आपल्या घराकडे. हेच प्रश्न आपल्याकडे कुणी विचारले? मुंबईत काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी. आल्ब्रेख्ट वेबर हे बर्लिनचे मोठे संस्कृत पंडित. त्यांचं म्हणणं असं, की रामकथेचं जुनं रूप म्हणजे पाली भाषेतलं दशरथ जातक. त्यात सीताहरण नाही आणि लंकेचं युद्धही नाही. हा भाग पुढे होमरच्या काव्यावरून आला. हेलनचं हरण आणि सीतेचं हरण, ट्रॉयचा वेढा आणि लंकेचा वेढा. १८७३ साली तेलंगांनी याला इंग्रजीत पुस्तिका लिहून उत्तर दिलं. तेव्हा त्यांचं वय तेवीस होतं! पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. पण मला तो तेवीस वर्षांचा तरुण फार मोलाचा वाटतो. पारतंत्र्याच्या काळात युरोपच्या नामवंत पंडिताला उत्तर देताना त्यानं आवाज चढवला नाही. काळाचे पुरावे तपासले आणि जातकाची गोष्टच मूळ कशावरून, असं विचारलं. पत्नीचं हरण आणि त्यासाठी युद्ध ही गोष्ट जगात दोनदा सुचू शकत नाही का?

तोच प्रसंग गीतेवरही आला होता. ब्रेस्लाऊचे लोरिन्सर यांनी १८६९ मध्ये गीतेचं जर्मन भाषांतर केलं होतं आणि गीतेच्या अनेक श्लोकांशेजारी नव्या करारातली वचनं ठेवून गीताकारांना बायबल ठाऊक होतं असा दावा केला होता. भक्त माझ्यात आहे आणि मी भक्तात आहे, मी आदि, मध्य आणि अंत आहे, अशा तऱ्हेची ती साम्यं. १८७५ मध्ये तेलंगांनी गीतेचं इंग्रजी पद्य भाषांतर प्रसिद्ध केलं आणि त्याच्या दीर्घ प्रस्तावनेत हा दावा तपासला. गीतेचा काळ काय? त्या काळी भारतात बायबलचं भाषांतर होतं याला आधार काय? माझे प्रश्न आणि तेलंगांचे प्रश्न सारखे दिसत असतील तर त्यात नवल नाही. ही पद्धत मी त्यांच्याकडूनच शिकलो. ‘मी तुझ्यात, तू माझ्यात’ ही भाषा सगुण ईश्वरावर प्रेम करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या तोंडी येईल. तिथे पक्ष्यांसारखा आडवळणाचा तपशील कुठे आहे?

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या परिशिष्टात हाच विषय घेतला आहे. गीता ख्रिस्ताच्या आधीची, हा त्यांचा भाग भक्कम आहे. पण तिथून पुढे जाऊन ते म्हणतात, की उलट ख्रिस्ती धर्मातलीच तत्त्वं बौद्ध धर्मामार्फत इकडून तिकडे गेली असावीत. अशोकाच्या शिलालेखांत ग्रीक राजांचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्यावरून वाट होती एवढंच ठरतं. वाटेवरून काय गेलं, ते ठरत नाही. लोकमान्यांविषयी मनात पूर्ण आदर ठेवून मला म्हणायचं आहे, की जी कसोटी लोरिन्सरना लावली तीच इथेही लावली पाहिजे, आणि तिला हा दुसरा भाग उतरत नाही.

पण बौद्ध कथा पश्चिमेला गेलीच नाही का? गेली! आणि कशी गेली, त्याचा एक-एक दुवा आपल्या हातात आहे. मध्ययुगातल्या ख्रिस्ती युरोपात बार्लाम आणि जोसाफत यांची कथा अतिशय लोकप्रिय होती. भारतातला एक राजा. ज्योतिषी सांगतात, मुलगा ख्रिस्ती होऊन संसार सोडील. राजा त्याला महालात कोंडून वाढवतो. बाहेर पडल्यावर राजपुत्राला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, मरणाची ओळख होते. मग बार्लाम नावाचा साधू येतो आणि राजपुत्र राज्य सोडून जातो. रोमन चर्चनं या दोघांना संतांच्या यादीत घेतलं. २७ नोव्हेंबर हा त्यांचा दिवस मानला जात असे. आणि १८५९-६० मध्ये लाबुले आणि लीब्रेख्ट या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की हा संत जोसाफत म्हणजे आपले सिद्धार्थ गौतम.

कथेचा प्रवास पाहा. भारतातून ती मध्य आशियात मानी पंथीयांकडे गेली, तिथून अरबीत, अरबीतून जॉर्जियन भाषेत, जॉर्जियनमधून इ.स. १००० च्या सुमारास एका जॉर्जियन भिक्षूनं ती ग्रीकमध्ये नेली, आणि अकराव्या शतकात ती लॅटिनमध्ये पोचली. नावसुद्धा साक्ष देतं. बोधिसत्त्वाचं ‘बोदासफ’ झालं. अरबी लिपीत आरंभीचा ब आणि य यांत केवळ एका टिंबाचा फरक असल्यानं ‘युदासफ’ झालं. त्याचंच पुढे जोसाफत. नकलाकाराची चूक हा उसनवारीचा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो. विचार दोघांना सुचू शकतो. टिंबाची चूक दोघांना सुचत नाही.

आता या कथेला जोडलेली एक गोष्ट सांगतो, जी आपल्या मुंबईची आणि गोव्याची आहे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो गोव्यात दफ्तराचा प्रमुख होता; १६१६ मध्ये तो गोव्यातच वारला. सिलोनमधल्या बुद्धाविषयी लिहिताना त्याच्या ध्यानात आलं, की ही तर संत जोसाफतची कथा आहे. युरोपातल्या पंडितांच्या अडीचशे वर्षं आधी! आणि त्या ओघात तो साष्टीतल्या कान्हेरीच्या लेण्यांचा दाखला देतो, म्हणजे आज बोरिवलीहून जिथे जातो त्या लेण्यांचा. एका वृद्ध माणसानं त्याला सांगितलं होतं, की जोसाफतच्या बापानं मुलाला एकांतात वाढवण्यासाठी ही लेणी खोदवली. कोउतोला साम्य अचूक दिसलं. मात्र दिशा त्यानं उलटी धरली. मूळचा तो संत जोसाफत, आणि त्यालाच इथले लोक बुद्ध म्हणून पूजू लागले असावेत, असं त्याला वाटलं.

श्रोतेहो, कोउतोचं असं का झालं? तो लबाड नव्हता, आळशीही नव्हता. प्रत्यक्ष लेण्यांपर्यंत जाऊन चौकशी करणारा तो माणूस होता. पण त्याला जोसाफतची कथा आधीपासून माहीत होती आणि बौद्ध ग्रंथ त्याच्यापुढे नव्हते. जे आपल्याला आधी भेटतं ते आपण मूळ समजतो. वेबरना होमर शाळेत भेटला होता, रामायण नंतर. लोरिन्सर तर धर्मशास्त्राचे अभ्यासक. आपणही याला अपवाद नाही. परदेशातली एखादी गोष्ट आपल्या पुराणासारखी दिसली की ती इकडूनच गेली असणार, असं आपल्याला वाटतं, कारण पुराण आपण आजीच्या मांडीवर ऐकलेलं असतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. समजा, उसनवारी सिद्ध झाली. पुढे काय? नोहाच्या कथेत ती सिद्ध झाली असं मी म्हणालो. मग ती ज्यात आहे त्या बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचं काय कमी झालं?

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून फरक वाचा. अत्रहासिसमध्ये देवांनी माणूस निर्माण केला तो आपले कष्ट त्याच्यावर टाकण्यासाठी. माणसं वाढली, त्यांचा गलका वाढला, एन्लिल देवाची झोप मोडू लागली, म्हणून प्रलय. हिब्रू कथेत प्रलय येतो तो पृथ्वी हिंसेनं भरली म्हणून. तिथे माणूस गोंगाट करतो, इथे तो अन्याय करतो. बाबिलोनच्या कथेत प्रलयानंतर देव माणसांची संख्या आटोक्यात ठेवण्याची व्यवस्था लावतात: काही स्त्रिया वांझ राहतील, काहींची तान्ही मुलं जातील. हिब्रू कथेत नोहाला आज्ञा मिळते, की वाढा आणि पृथ्वी भरून टाका. हा फरक चुकून झालेला नाही. कुणीतरी जुनी गोष्ट समोर ठेवून, विचार करून, तिचं तोंड फिरवलं आहे.

आणि सर्वांत खोल फरक पुढेच आहे. बाबिलोनमध्ये मारणारा एन्लिल आणि तारणारा एआ. दोन देव, दोन मनं, गोष्ट सोपी. हिब्रू लेखकाचा देव एकच. त्यामुळे मारणारा तोच आणि तारणाराही तोच. माणूस निर्माण केल्याचा पश्चात्ताप त्यालाच होतो, आणि पुन्हा असा नाश करणार नाही असं वचनही तोच देतो. दोन देवांमधलं भांडण एका देवाच्या अंतःकरणात आलं! दया आणि न्याय यांचा मेळ कसा घालायचा, या प्रश्नाशी पुढे यहुदी आणि ख्रिस्ती धर्मचिंतन शतकानुशतकं झगडलं. मूळ ठाऊक नसतं तर हा बदल आपल्याला दिसलाच नसता. उसनवारीच्या शोधानं या ग्रंथाचं मोल उतरलं नाही, उलट त्याच्या लेखकाची हिंमत कळली. श्रद्धावान अभ्यासकांची श्रद्धा का टिकली, याचं उत्तर मला इथे दिसतं.

असंच नीतिसूत्रांचं. अमेनेमोपे या इजिप्ती लेखकाचा उपदेशग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान यांनी बायबलमधल्या नीतिसूत्रांशी त्याचं नातं दाखवलं. गरिबाला लुबाडू नकोस, शेताची हद्द सरकवू नकोस, असा उपदेश दोन्हीकडे. लोभानं मिळवलेली संपत्ती पंख फुटून आकाशात उडून जाते, हेही दोन्हीकडे. फक्त इजिप्तमध्ये ते पंख हंसाच्या जातीच्या पाणपक्ष्यांचे आहेत आणि हिब्रूत गरुडाचे.

मूळ सापडलं म्हणून एखादी परंपराच बनावट ठरवणं किती घातक होऊ शकतं, याचंही उदाहरण आहे. १३ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनमध्ये फ्रीडरिख डेलिट्श यांनी ‘बाबेल आणि बायबल’ या विषयावर व्याख्यान दिलं. कैसर दुसरा विल्हेल्म समोर होता. डेलिट्श मोठे भाषापंडित, त्यांनी दाखवलेली कितीतरी साम्यं खरी होती. पण ‘हे बाबिलोनमधून आलं’ इथून ते ‘म्हणून यांचं स्वतःचं काही नाही’ इथवर गेले, आणि शेवटी १९२० मध्ये जुन्या कराराला मोठी फसवणूक ठरवणारा ग्रंथ लिहून ख्रिस्ती लोकांनी तो टाकून द्यावा असं सांगू लागले. त्यामागे यहुद्यांविषयीचा द्वेष होता. त्यानंतर जर्मनीत काय घडलं ते तुम्ही जाणता. विद्वत्ता खरी, साम्य खरं आणि निष्कर्ष विषारी, असं होऊ शकतं. पुढे १९६१ साली सॅम्युएल सँडमेल या यहुदी अभ्यासकानं बायबल अभ्यासकांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना साम्यं हुडकण्याच्या या वेडाला नावं ठेवली आणि सुटे उतारे ताडून पाहण्यापेक्षा दोन्ही ग्रंथ सबंध वाचा, असा आग्रह धरला. माझंही तेच मागणं आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न: आपल्या मनूचं काय? शतपथ ब्राह्मणात ती कथा आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत छोटा मासा येतो. मला वाचव, मी तुला वाचवीन, असं म्हणतो. मनू त्याला वाढवतो. पूर येतो, माशाच्या शिंगाला नाव बांधली जाते, उत्तरेच्या डोंगरावर मनू उतरतो आणि यज्ञ करतो.

हेच तीन प्रश्न इथे लावू. साम्य कसलं? पूर्वसूचना, नाव, डोंगर, यज्ञ. पण पक्षी नाहीत. प्राण्यांच्या जोड्या नाहीत. पाप नाही, शिक्षाही नाही; पूर का येतो हे ब्राह्मणकार सांगतच नाहीत. आणि ज्याच्यावर ही कथा उभी आहे तो उपकार फेडणारा मासा मेसोपोटेमियात कुठेच नाही. वाट होती का? होती. अक्कदचा राजा सारगोन इ.स.पूर्व तेविसाव्या-चोविसाव्या शतकात अभिमानानं सांगतो, की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे बहुतेक सिंधूचा प्रदेश, आणि सिंधू मुद्रा उर शहरात सापडल्या आहेत. पण हा व्यापार ओसरल्यावर हजारएक वर्षांनी शतपथ ब्राह्मण येतं, आणि मधल्या ऋग्वेदात मनू असूनही प्रलय नाही. महाभारतात नावेत सप्तर्षी आणि बीजं चढतात, मासा स्वतःला प्रजापती म्हणवतो. पुराणांत तो विष्णू होतो. ही बीजं बाहेरून आली? इराणी साम्राज्यात बाबिलोन आणि गांधार एकाच राज्यात होते, तेव्हा नाही म्हणता येत नाही. पण सगळं बुडाल्यावर पुन्हा पेरायला बी लागणार, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही, तेव्हा हो म्हणायलाही आधार नाही.

म्हणून मनूच्या कथेबाबत मी निकाल देत नाही. उद्या एखाद्या ब्राह्मणग्रंथाच्या हस्तलिखितात मनूनं सोडलेला पक्षी सापडला, किंवा मेसोपोटेमियातल्या पाटीवर शिंगाचा मासा सापडला, तर मी माझं मत बदलेन. पाट्या अजून निघत आहेत. सुलेमानियाच्या संग्रहालयानं २०११ मध्ये मिळवलेल्या एका पाटीवर गिल्गमेशच्या देवदारवनाच्या भागातल्या, तोवर कुणी न वाचलेल्या ओळी निघाल्या. म्युझियमांच्या कपाटांत न वाचलेल्या पाट्यांचे ढीग आहेत, आणि आपल्याकडच्या मठांत आणि घरांत न उघडलेली हस्तलिखितं. ती वाचायला कीलाकार लिपी जाणणारी, वैदिक संस्कृत जाणणारी आणि शक्य तर दोन्ही जाणणारी मुलं हवीत. या सभागृहात तशी कुणी बसली असतील तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटा.